बारागाड्या, कडी आणि वंगण

खानदेशात चैत्र-वैशाख लागला, आखाजी जवळ आली, की गावोगावच्या यात्रांमधून एक दृश्य हमखास दिसते. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागे एक जोडून उभ्या केलेल्या असतात. गाड्यांमध्ये माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. खंडेराव, मरीमाय अशा ग्रामदैवताची पूजा होते, भगत पहिल्या गाडीच्या पुढे येतो, दोन्ही बाजूंना त्याला धरणारे 'बगले' असतात, आणि एका जयघोषात ही सगळी रांग हलते. यालाच 'बारागाड्या ओढणे' म्हणतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील ज्या शाळांत हे मासिक जाते, तेथील बहुतेक शिक्षकांनी हे दृश्य पाहिलेले असेल आणि बहुतेकांना विद्यार्थ्यांनी विचारलेही असेल, की "सर, एक माणूस बारा गाड्या कशा ओढतो?"

या प्रश्नाला दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, देवाची कृपा. दुसरे, सगळे थोतांड. दोन्ही उत्तरांनी विद्यार्थ्याची जिज्ञासा तेथेच संपते. प्रश्न खरे तर फार चांगला आहे. एक वस्तू दुसरीला जोडून ओढायची तर काय काय लागते, याचे उत्तर शोधण्यात माणसाची काही हजार वर्षे गेली आहेत. त्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग जोडाचा, म्हणजे दोराचा, कडीचा, हुकाचा. दुसरा भाग वंगणाचा. हा इतिहास खानदेशातल्या रस्त्यांवरून आणि रुळांवरूनही गेलेला आहे. आपण त्याच वाटेने जाऊ आणि शेवटी बारागाड्यांकडे परत येऊ.

पाठीवरून चाकावर

इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा तेथला पहिला मोठा अधिकारी. धुळे शहराची नवी वसाहत त्याच्याच काळात आखली गेली. त्या काळी माल जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस घेऊन घाट उतरत. पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून बांधला गेला, इतरही रस्ते हळूहळू सुधारले, आणि पाठीवरचा माल गाडीत आला.

या बदलाने किती फरक पडला हे सोप्या हिशेबाने कळते. एक बैल पाठीवर साधारण एक ते सव्वा क्विंटल ओझे नेतो. म्हणजे जोडी अडीच क्विंटलपर्यंत. तीच जोडी बऱ्या रस्त्यावर गाडीतून सहा-सात क्विंटल सहज ओढते. कारण उघड आहे. पाठीवरच्या ओझ्याचे सगळे वजन बैलाला पेलावे लागते. गाडीत ते वजन जमीन पेलते, बैलाला फक्त घर्षणाविरुद्ध ओढावे लागते.

पण गाडी आली तसे पाठीवरच्या ओझ्याला नसलेले दोन जोडही आले. पहिला जोड जू आणि गाडीची दांडी यांच्यामधला. हा दोराने, म्हणजे नाड्याने बांधतात. दुसरा जोड चाकाचा तुंबा आणि आस यांच्यामधला. पहिल्या जोडात घर्षण हवे असते, दुसऱ्यात नको असते. एकाच गाडीत, दोन-तीन मीटरांच्या अंतरावर, अगदी उलट गरजा असलेले हे दोन जोड गाडीवानाने शतकानुशतके सांभाळले.

नाड्याचा जोड घर्षणावर कसा टिकतो, हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. दांड्याला दोराचे वेढे दिले की प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर तीन वेढ्यांनंतर दोराच्या एका टोकाला धरलेले १ किलोचे बल दुसऱ्या टोकाचे सुमारे २८५ किलोचे बल रोखू शकते. तोच दोर तेलकट झाला आणि गुणांक ०.१ वर आला, तर तीन वेढ्यांत जेमतेम साडेसहा पट पकड मिळते. जुवाच्या नाड्याला वंगणाचा हात लागू द्यायचा नाही, ही गाडीवानाची शिस्त या गणिताशी पूर्ण जुळते.

आता आसाकडे वळू. गाडी आणि माल मिळून १००० किलो वजन आसावर आहे, आसाची त्रिज्या अडीच सेंटिमीटर आणि चाकाची ६५ सेंटिमीटर आहे असे धरू. कोरड्या जोडाचा घर्षणगुणांक ०.४ धरला, तर केवळ आसाच्या घर्षणासाठी बैलांना लागणारे बल

०.४ × १००० × २.५ ÷ ६५ = सुमारे १५ किलो

इतके होते. (सोयीसाठी बल येथे 'किलो वजना'त दिले आहे, न्यूटन हवे असल्यास ९.८ ने गुणावे.) वंगणाने गुणांक ०.१ वर आणला, की हेच बल ४ किलोच्या आत येते. चारशे किलोचे दोन बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे दोघे मिळून ८० किलो बल लावू शकतात. त्यातले ११ किलो वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय न वाचलेले हे बल वाया जाते म्हणजे कोठे जाते, तर आसाची आणि तुंब्याची झीज करण्यात. करकरणारी गाडी म्हणजे बैलांच्या वैरणीचा काही भाग तुंबा झिजवण्यात खर्च करणारी गाडी होय.

हे वंगण कशाचे असे? गावोगावची रीत वेगळी असली तरी मूळ कल्पना एकच: एरंडेल किंवा दुसरे कोणते तरी दाट तेल आणि त्यात कालवलेली बारीक काळी भुकटी. काजळी किंवा जळक्या चिंध्यांची राख तेलाला धरून ठेवते, ते वाहून जाऊ देत नाही. वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे, आणि लांबच्या वाटेवर ते उघडल्याशिवाय मुक्काम हलत नसे.

एकाच माणसाची दोन पेटंटे

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशात आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. जळगाव हे गाव बाजारपेठ म्हणून वाढले ते याच वर्षांत. १८६५ मध्ये थळ घाटातून रूळ पूर्ण झाले आणि कापसाच्या गाठी वाघिणींतून सरळ मुंबईला जाऊ लागल्या. भुसावळ मोठे जंक्शन बनले. पुढे १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटाही निघाला.

येथे गाडीवानाचेच दोन प्रश्न प्रचंड आकारात पुढे आले. दोन चाकांऐवजी शेकडो चाके, आणि एका नाड्याऐवजी तीस-चाळीस वाघिणींना जोडणाऱ्या कड्या. विशेष असे, की या दोन्ही प्रश्नांची सुरुवातीची चांगली उत्तरे एकाच माणसाने दिली होती. त्याचे नाव हेन्री बूथ. तो इंजिनिअर नव्हता. लिव्हरपूलच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातला हा माणूस, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा चिटणीस आणि खजिनदार. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट' इंजिनाच्या बाष्पकात अनेक नळ्या घालण्याची सूचना त्याचीच होती.

१८३५ मध्ये बूथने आसाच्या वंगणाचे पेटंट घेतले. त्यात पाम तेल, जनावरांची चरबी, धुण्याचा सोडा आणि पाणी असे साधे पदार्थ होते. हे मिश्रण तापवायचे आणि थंड होईपर्यंत ढवळत राहायचे. यात रसायनशास्त्र काय घडते? सोडा आणि चरबी यांच्यापासून थोडासा साबण तयार होतो, आणि त्या साबणाच्या जाळ्यात तेल अडकून राहते. आजचे ग्रीसही तत्त्वतः तसेच असते. फक्त सोडियमच्या साबणाऐवजी बहुधा लिथियमचा साबण आणि पाम तेलाऐवजी खनिज तेल असते. गाडीवानाने तेल राखेत अडकवले, बूथने साबणात अडकवले. उद्देश एकच होता: तेल जेथे हवे तेथेच राहावे.

दुसऱ्याच वर्षी, १८३६ मध्ये, बूथने डबे जोडण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. त्याआधी डबे सैल साखळीने जोडत. इंजिन निघाले की साखळी ताठ होई आणि डब्याला हिसका बसे. पुढच्याला, मग त्याच्या मागच्याला. गाडी थांबली की डबे एकमेकांवर आदळत. बूथने दोन कड्यांच्या मध्ये एक स्क्रू बसवला. त्याच्या अर्ध्या भागाचे आटे उजवे आणि अर्ध्या भागाचे डावे. मधला दांडा फिरवला, की दोन्ही कड्या एकाच वेळी जवळ ओढल्या जातात आणि डबे आवळले जातात. ढिलाई गेली, हिसका गेला. ही स्क्रू कडी पुढे जगभर गेली, आणि भारतातल्या प्रवासी गाड्यांत तर ती एकविसाव्या शतकापर्यंत टिकली.

अर्थात हा स्क्रू फिरायचा तर त्याच्या आट्यांनाही वंगण लागते. न घातल्यास तो गंजतो, गंजला की कामगार तो पुरता आवळत नाही, आणि न आवळलेली स्क्रू कडी म्हणजे पुन्हा जुनी सैल साखळीच. एकाच माणसाला वंगण आणि कडी दोन्ही सुचावीत यात योगायोग असेल. पण एक सांभाळल्याशिवाय दुसरी टिकत नाही, यात योगायोग नाही.

ढिलाई नेहमीच वाईट मात्र नसते. मालगाडी निघताना पुढून मागे धावत जाणारा खड्खड् आवाज आपण ऐकलेला असेल. कड्यांमधल्या थोड्या ढिलाईमुळे वाघिणी एकदम न हलता एकीमागून एक हलतात. स्थिर वस्तू हलवायला लागणारे बल ती चालू ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असते. हे जास्तीचे बल इंजिनाला चाळीस वाघिणींसाठी एकाच वेळी लावावे लागत नाही. ते हप्त्याहप्त्याने लावता येते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, बारागाड्यांसाठी तो लागणार आहे.

कडीत सापडलेले हात

जोडाच्या इतिहासाला एक दुःखद बाजू आहे. डबे जोडणाऱ्या माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागे. अमेरिकेत तर कडी आणि खिळीची पद्धत होती: येणाऱ्या डब्याची कडी हाताने धरून समोरच्या खोबणीत घालायची आणि वरून खीळ सोडायची. डबा थांबत नसे, हात वेळेवर मागे घ्यावा लागे. बोटे गमावलेला कामगार हा तेथल्या रेल्वेच्या यार्डांतला नेहमीचा माणूस होता. कित्येकांचे प्राणही गेले.

१८७३ मध्ये ईलाय जॅने या माणसाने एक नवी कडी शोधून काढली. व्हर्जिनियातल्या कापड दुकानात काम करणाऱ्या जॅनेने चाकूने लाकूड तासून तिचा नमुना केला होता. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तशी ही कडी. डबे एकमेकांवर आले की ती आपोआप अडकते, आणि सोडवण्यासाठी बाजूला उभे राहून दांडा ओढला की पुरे. तरीही ती लगेच सर्वत्र बसवली गेली नाही. खर्च कोणी करायचा हा प्रश्न होता. अखेर १८९३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, आपोआप जुळणारी कडी सक्तीची झाली, आणि जोडताना होणारे अपघात झपाट्याने घटले. शोध आणि कायदा यांच्यामध्ये वीस वर्षे गेली. त्या वीस वर्षांची किंमत रेल्वे कंपन्यांनी नव्हे, कामगारांनी मोजली.

भारतीय रेल्वेनेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाघिणींसाठी याच जातीची मध्यवर्ती कडी स्वीकारली. आज भुसावळहून जाणाऱ्या मालगाडीकडे पाहिले, तर दोन वाघिणींच्या मध्ये एकमेकांत गुंतलेल्या लोखंडी मुठी दिसतात. त्या जॅनेच्या कडीच्याच वंशातल्या आहेत.

तेल कसे काम करते?

वंगण घालावे हे सर्वांना माहीत होते. ते नेमके काय करते हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कळलेले नव्हते. ब्यूचॅम्प टॉवर या इंग्लिश इंजिनिअरने १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाचे प्रयोग केले. तेल घालण्यासाठी त्याने वरच्या पितळी कवचाला एक छिद्र पाडले. आस फिरू लागला तेव्हा तेल छिद्रातून आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. टॉवरने बूच मारले, बूच उडाले. लाकडी खुंटी मारली. तीही बाहेर आली. मग त्याने तेथे दाबमापक लावला, तर तेलाचा दाब आसावरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपर्यंत गेलेला आढळला.

याचा अर्थ असा, की फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून फटीत कोंबतो, आणि त्या दाबावर सगळे वजन तरंगते. धातूला धातू लागतच नाही. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने याचे गणित मांडले. त्यात एक अट होती: आस पुरेशा वेगाने फिरला पाहिजे.

मग सावकाश हलणाऱ्या जोडाचे काय? कडी पूर्ण वर्तुळात फिरतच नाही. ती जराशी डोलते, घासते, थांबते. तेथे तेलाचा तरंगता थर तयार होऊ शकत नाही. याचे उत्तर विल्यम हार्डी या शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दिले. हार्डी मूळचा जीवशास्त्राचा माणूस. मेदाम्लांचे लांब रेणू एका टोकाने धातूला चिकटतात आणि पृष्ठभागावर गालिच्याच्या दशांसारखे उभे राहतात, असे त्याला आढळले. हा थर एक-दोन रेणूंइतकाच जाड असतो, पण तो दोन धातूंना प्रत्यक्ष भिडू देत नाही. त्याच सुमारास वेल्स आणि साउथकोम यांनी दाखवले, की शुद्ध खनिज तेलात शेकडा एक इतकेच मेदाम्ल मिसळले तरी घर्षण बरेच कमी होते.

एरंडेलाचा गुण येथे कळतो. त्यात मेदाम्लांचे असे चिकटणारे रेणू मुळातच असतात. हिंदुस्थानातल्या रेल्वेनेही एकेकाळी वंगणासाठी एरंडेल वापरले, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही ते होते. बैलगाडीचे चाक इतके सावकाश फिरते, की तेथे रेनॉल्ड्सच्या तरंगत्या थराचा फारसा भरवसा नाही; तेथे हार्डीचा चिकटणारा थरच हवा. गाडीवानाला रेणू माहीत नव्हते, पण त्याची निवड बरोबर होती.

ट्रॉलीची पिन

भारतात ट्रॅक्टर बनू लागले १९५९ मध्ये, फरिदाबादच्या आयशर कारखान्यात. नंतरच्या दोन-तीन दशकांत ते गावोगाव पोहोचले, आणि त्यांच्यामागे ट्रॉली आली. आज रावेर-यावलच्या केळीपासून शिरपूर-शिंदखेड्याच्या कापसापर्यंत सगळे काही तीतून जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या जबड्यात ट्रॉलीच्या दांडीचे कडे घालायचे आणि वरून पिन सोडायची. नीट पाहिले तर ही १८७३ च्या आधीची अमेरिकन रेल्वेची कडी-खिळीची पद्धत आहे, आणि ती जोडणारा मुलगा आजही बोटे वाचवतच पिन सोडतो.

या पिनेवर किती बल येते? ट्रॉली आणि माल मिळून ८ टन धरले, तर सपाट पक्क्या रस्त्यावर वजनाच्या शेकडा ३, म्हणजे सुमारे २४० किलोची ओढ लागते. जाड पिनेला हे काहीच नाही. पण पिन आणि कडे यांच्यात ३ सेंटिमीटरची ढिलाई आहे, आणि क्लच झटक्याने सोडल्यामुळे ढिलाई संपेपर्यंत २ टनांच्या ट्रॅक्टरने सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग घेतला, असे समजा. तेव्हा त्याची गतिज ऊर्जा ९० ज्यूल होते. ती २ मिलिमीटरच्या अंतरात जिरायची, तर सरासरी बल ४५,००० न्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या घरात जाते. हिशेब ढोबळ आहे. ट्रॉलीही थोडी हलते, त्यामुळे प्रत्यक्ष बल काहीसे कमी येईल. तरीही ते साध्या ओढीच्या पंधरा पट आहे. ढिलाई दुप्पट झाली तर, त्वरण तेच असल्यास, हिसक्याची ऊर्जाही दुप्पट होते. बूथने १८३६ मध्ये स्क्रू का बसवला, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आता झीज पाहा. १९५३ मध्ये आर्चर्ड याने मांडलेल्या नियमानुसार झीज ही भार आणि घासण्याचे अंतर यांच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी ती कमी. खानदेशातल्या मुरमाची कच बेसॉल्टची असते. तिच्यातल्या खनिजांची कठिणता मोहच्या मापाने ६ च्या आसपास, आणि साध्या पोलादाची त्याहून कमी. म्हणजे ही कच पिन ओरबाडू शकते. आठवड्यापूर्वीच्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली, की ते वंगण राहत नाही, पॉलिशची पेस्ट होते. त्यावर नवे ग्रीस थापणे म्हणजे त्या पेस्टमध्ये भर घालणे. म्हणून आधी जुने ग्रीस रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून काढावे, पिन आणि कडे पाहावे, मग पातळसा नवा थर द्यावा. दाट थराचा उपयोग नाही; हार्डीच्या थराला एक-दोन रेणू पुरतात, बाकीचे ग्रीस धूळ गोळा करते. चाकांच्या बेअरिंगची आणि पुढच्या फिरत्या चकतीची गोष्ट वेगळी. तेथे ग्रीस बंदिस्त असते आणि ग्रीसगनने ते भरपूर भरायचे असते.

विद्यार्थ्यांना येथे व्हर्नियर कॅलिपरचा खरा उपयोग दाखवता येईल. नव्या पिनेचा व्यास ३० मिलिमीटर असेल आणि झिजलेल्या जागी तो २७ भरला, तर "फक्त ३ मिलिमीटर" असे वाटते. पण वाकण्याला विरोध करण्याची पिनेची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. २७ भागिले ३० म्हणजे ०.९, त्याचा घन ०.७३. दहावा हिस्सा व्यास गेला, आणि पाव हिश्श्याहून जास्त ताकद गेली. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावे. खालच्या टोकाची चाप लावण्याचा कंटाळा करणाऱ्यानेही पाहावे. कारण चाप नसेल तर खड्ड्यातून जाताना पिन उसळते, आणि सुटलेली ट्रॉली कोणाचे ऐकत नाही.

जोड कोठे करायचा, यालाही महत्त्व आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने १९२० च्या दशकात ट्रॅक्टर आणि अवजार जोडण्याची तीन बिंदूंची पद्धत विकसित केली, तिच्यामागे असेच अपघात होते. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून चालकावर उलटे. ओढीचे बल मागच्या आसापेक्षा उंचावर लागले, की पुढची चाके उचलली जातात. म्हणून ट्रॉली कायम खालच्या हुकालाच लावायची, वरच्या सांध्याला कधीही नाही.

पुन्हा बारागाड्या

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी ३ क्विंटलची आणि तीत बसलेली माणसेही ३ क्विंटलची धरली, तर बारा गाड्यांचे वजन ७२०० किलो होते. कठीण रस्त्यावर लोखंडी धावेच्या चाकाला शेकडा २, म्हणजे १४४ किलो बल लागेल. आसाच्या घर्षणासाठी वंगण घातलेल्या गाड्यांना आणखी २८ किलो, आणि कोरड्या गाड्यांना १११ किलो. सपाटीवर हे मिळून १७२ किलो होतात. एका माणसाच्या आवाक्यातले हे बल नाही. म्हणूनच बगले असतात, आणि मागून-बाजूने लागणारे कित्येक हात असतात.

पण रस्ता ५० मीटरांत १ मीटर उतरता असेल तर? इतका उतार डोळ्यांना सहसा जाणवत नाही. त्यावर गुरुत्वाकर्षणच १४४ किलोची ओढ देते, आणि ओढणाऱ्यासाठी उरतात केवळ २८ किलो. दोरांच्या ढिलाईमुळे गाड्या मालगाडीच्या वाघिणींसारख्या एकीमागून एक हलतात, म्हणून सुरुवातही जमते. एक माणूस बारा गाड्या ओढू शकतो, याचे रहस्य वंगण, ढिलाई आणि उतार यांत आहे. कोरड्या गाड्यांना याच उतारावर १११ किलो लागले असते.

हाच हिशेब एक पायरी पुढे न्यावा. उतार ५० ला १ ऐवजी ४० ला १ झाला, की गुरुत्वाकर्षणाची ओढ १८० किलो होते. ती १७२ पेक्षा जास्त आहे. आता गाड्यांना ओढावे लागत नाही. त्या आपण होऊन धावतात. सात टनांची ही रांग सेकंदाला दीड मीटर वेगात आली, तर तिला ३ मीटरांत थांबवायला सुमारे २७५ किलो जादा बल लागेल. गाड्यांना ब्रेक नाही, बैल नाहीत, आणि सगळ्यांत पुढे भगत आहे. यात्रेत चाकाखाली सापडून माणसे जखमी झाल्याच्या किंवा दगावल्याच्या बातम्या खानदेशातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावताही या बातम्या कमी करता येतील. आदल्या दिवशी नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून रस्त्याचा उतार मोजता येतो, दोर तपासता येतात, शेवटच्या दोन-तीन गाड्यांच्या चाकांना लाकडी अडसर घेऊन माणसे नेमता येतात. उतार मोजण्याचे काम नववी-दहावीचे विद्यार्थी करू शकतील, आणि गाव त्यांचे ऐकेल असे आम्हाला वाटते.

जोडाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओढण्याची सोय माणसाने लवकर शोधली. धरून ठेवण्याची आणि थांबवण्याची सोय उशिरा, आणि बहुधा कोणाचे तरी हात-पाय गेल्यावर. वंगणाने गाडी हलकी होते, म्हणून जोडाकडे अधिकच लक्ष द्यावे लागते. शाळेच्या फाटकासमोरून जाणाऱ्या पुढच्या ट्रॉलीची पिन आणि तिची चाप विद्यार्थ्यांबरोबर पाहावी. धडा तेथून सुरू करता येईल.